गुप्तहेराला दुसरे पुस्तक हवे

नव्या लेखकाची रहस्यकादंबरी आमच्याकडे येते तेव्हा हस्तलिखिताच्या बाडासोबतच्या पत्रात बहुधा एक वाक्य असतेच: ‘ही कादंबरी स्वतंत्र आहे, वाचकांचा प्रतिसाद मिळाला, तर याच गुप्तहेराची मालिका करण्याचा मानस आहे.’ नाशिकमध्ये छोटी प्रकाशनसंस्था चालवताना आणि त्यातही खासगी गुप्तहेरांच्या कथांवर विशेष लोभ ठेवून काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, या वाक्यातला क्रम उलटा आहे. या प्रकारात मालिका असते म्हणून प्रतिसाद मिळतो. सामाजिक कादंबरी एकटी उभी राहू शकते, आत्मचरित्र तर एकटेच असते. पण खासगी गुप्तहेर हा वाचकाच्या ओळखीचा माणूस व्हावा लागतो आणि ओळख एका भेटीत होत नाही. आपल्याकडे नव्या लेखकांचे गुप्तहेर पहिल्याच पुस्तकात संपतात, कारण त्यांची आणि वाचकाची दुसरी भेट कोणी घडवून आणत नाही.

मराठीत ही गोष्ट एके काळी लेखकापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय व छोटू घराघरांत पोहोचले. पुढे गुरुनाथ नाईकांनी त्याच वेगाने लेखन केले आणि त्यांच्या कॅप्टन दीपने एका पिढीची झोप उडवली. या पुस्तकांना वाचक त्यांच्या शीर्षकाने क्वचितच मागत. ‘नवा झुंजार आला का?’ असे विचारत. त्यांचा खरा बाजारही विकत घेणाऱ्यांचा नव्हता. गल्लीबोळांत पुस्तके भाड्याने देणारी जी छोटी दुकाने होती, त्यांनी हा सगळा डोलारा पेलला होता. माझ्या कपाटात अशा एका दुकानातून आलेले पुस्तक आहे. मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेले आहे, त्याच्या जागी खाकी पुठ्ठा आहे, कण्यावर जाड दोऱ्याची शिवण आहे आणि आतल्या बाजूला डकवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईच्या शिक्क्यांनी तारखा एकाखाली एक उमटलेल्या आहेत. बऱ्याच तारखांमध्ये एकाच दिवसाचे अंतर आहे. संध्याकाळी नेलेले पुस्तक रात्रीत वाचून दुसऱ्या दिवशी परत आले आणि त्याच खेपेला मालिकेतले पुढचे बाहेर पडले, असा तो व्यवहार होता. शेवटच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने ‘पुढचे आणा’ एवढेच लिहून ठेवले आहे. दुकानदाराला दिलेली ती मागणी मला कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाची वाटते.

पुढे दूरचित्रवाणी आली, भाड्याची दुकाने एकेक करून बंद झाली आणि रहस्यकथा हलकी ठरवणाऱ्या समीक्षेला आयतेच बळ मिळाले. त्या पडझडीची कहाणी पुष्कळांनी सांगितलेली आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्या दुकानांबरोबर मालिकेची सवयही मोडली आणि उरलेल्या प्रकाशकांनी रहस्यकादंबरीलाही इतर साहित्यकृतींचे माप लावले: एक लेखक, एक कादंबरी, पाचशे किंवा हजार प्रती, एक प्रकाशन समारंभ आणि मग विक्रीचे आकडे पाहून निर्णय. या मापाने आर्थर कॉनन डॉयलही नापास झाला असता. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ मध्ये एका वार्षिकात छापली गेली, तेव्हा डॉयलने तिचे सगळे हक्क अवघ्या २५ पौंडांना विकले होते आणि तिने काही खळबळ माजवली नव्हती. दुसरी कादंबरीही बेताचीच चालली. होम्स घरोघरी गेला तो १८९१ च्या जुलैपासून, ‘स्ट्रँड’ मासिकात त्याच्या लघुकथा दर महिन्याला येऊ लागल्या तेव्हा. डॉयलच्या मनात हिशेब पक्का होता: धारावाहिक कादंबरीचा एखादा अंक चुकला तर वाचक तुटतो, सुट्या कथांत धागा जुळत नाही, पण नायक तोच ठेवून प्रत्येक अंकात पूर्ण कथा दिली, तर नवा वाचक कुठूनही आत येऊ शकतो आणि जुना वाचक टिकून राहतो. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला तेव्हा आपल्या वाचकांनाही तो अनेक कथांचा गठ्ठा म्हणूनच भेटला.

आपल्याकडे आता दर महिन्याला कथा छापणारी मासिके कितीशी उरली आहेत, असा प्रश्न यावर कोणी विचारील आणि तो रास्त आहे. मात्र आपल्याकडे दिवाळी अंक आहेत. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ज्याचा पाया घातला, तो हा वार्षिक सोहळा मराठीइतका मोठा दुसऱ्या भाषेत शोधायचा झाला, तर बंगालीकडेच पाहावे लागते. तिथे दुर्गापूजेच्या सुमारास निघणाऱ्या शारदीय अंकांनी गुप्तहेराला कसे वाढवले, हे आपण नीट पाहायला हवे. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात जन्मला आणि पुढे त्याच्या अनेक कादंबऱ्या ‘देश’च्या शारदीय अंकांतून वाचकांच्या हाती पडल्या. वर्षातून एकदाच भेट व्हायची. पण ती ठरलेली असायची आणि तो अंक घेण्याचे फेलूदा हेच कित्येकांना पुरेसे कारण असे. मराठीतही ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांनी रहस्यकथेला हक्काची जागा दिली आहे. त्या अंकांतली रहस्यकथा मी अगत्याने वाचते आणि दरवर्षी माझ्या मनात हाच विचार येतो की, ज्या नव्या लेखकाचा गुप्तहेर गेल्या दिवाळीत आवडला, तोच यंदा पुन्हा भेटावा. पुष्कळदा लेखक तोच असतो, पण गुप्तहेर नवा असतो. जुन्याचे पुढे काय झाले याची चौकशी करायला वाचकाला वाव राहत नाही. संपादकांनी लेखकाला कथा मागताना ‘तुमचा तोच माणूस पाठवा’ एवढे सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.

आता प्रश्न उरतो तो माणूस कसा असावा याचा, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण बाडे वाचताना सगळ्यात जास्त आनंद आणि सगळ्यात जास्त तळमळ याच जागी वाट्याला येते. येणाऱ्या बाडांतले अर्ध्याहून अधिक गुप्तहेर मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेतून राजीनामा देऊन बाहेर पडलेले असतात. आयुक्त त्यांचे मित्र असतात, ठाण्यातला निरीक्षक त्यांना पंचनामा दाखवतो, संशयिताचे कॉल रेकॉर्ड एका फोनवर मिळते आणि शेवटी तेच आरोपीला बेड्या घालतात. मग याला खासगी गुप्तहेर म्हणायचे कशाला? आपल्या देशात खासगी गुप्तहेराला कायद्याने कोणताही विशेष अधिकार नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे या माणसाकडे ना सरकारी परवाना, ना ओळखपत्राचा धाक. कोणाचेही कॉल रेकॉर्ड त्याला कायदेशीर मार्गाने मिळू शकत नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशी रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात खऱ्याखुऱ्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. नव्या लेखकांना मी ही माहिती देते तेव्हा त्यांना कथेचे पाय बांधले गेल्यासारखे वाटते. माझा अनुभव असा की, कथा तिथेच चालू लागते. अधिकार नसलेल्या माणसाने केवळ निरीक्षण, संयम आणि लोकांशी बोलण्याची हातोटी यांवर सत्यापर्यंत पोहोचायचे, यातच या प्रकाराची सगळी गोडी आहे.

शिवाय त्याच्या हाती जे आहे ते काही कमी नाही. सातबारा आता घरबसल्या पाहता येतो. फेरफार नोंदी वाचणाऱ्याला कळते की कोणाचे नाव कधी लागले, कोणाचे कधी कमी झाले आणि वारसांपैकी कोणाला गाळले गेले. नोंदणी विभागाच्या इंडेक्स-टूवरून, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावरून, व्यवहाराची रक्कम आणि तारीख समजते. माहितीचा अधिकार आहे, बाजार समितीत व्यापाऱ्याच्या परवान्याची चौकशी करता येते, आणि सोसायटीचा वॉचमन तर सर्वज्ञ असतो. महाराष्ट्रातल्या भावकीच्या भांडणात फेरफार हाच पुष्कळदा पहिला पुरावा असतो. असे असूनही आमच्याकडे येणाऱ्या गुप्तहेरांपैकी फार थोडे तलाठी कार्यालयाची पायरी चढतात. आणखी एक गोष्ट मला प्रत्येक बाडात दुरुस्त करावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तेव्हापासूनच्या खुनाला कलम १०३ लागते आणि फसवणुकीला ३१८. कथा त्या आधीच्या काळातली असेल, तर ३०२ आणि ४२० बरोबरच आहेत. पण आजच्या मोबाइलवर बोलणारे पात्र जुनी कलमे उच्चारते तेव्हा जाणत्या वाचकाचा विश्वास तिथेच उडतो, आणि रहस्यकथेचा वाचक विश्वास उडाल्यावर पुढे वाचत नाही.

या सगळ्या अपेक्षा पुऱ्या करणारे एक बाड दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाकडून आले. त्यांचा गुप्तहेर बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, पंचवटीत राहणारा, पन्नाशीचा गृहस्थ आहे. लग्नापूर्वीच्या चौकश्या आणि बुडीत उधारीचे तपास यांवर त्याचे पोट चालते. कथेत एक द्राक्ष व्यापारी तीन गावांतल्या बागायतदारांचा माल उचलतो, विसार देतो आणि उरलेले पैसे न देता पसार होतो. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या हंगामात अशा फसवणुकीच्या तक्रारी नव्या नाहीत. ज्याने ऑक्टोबर छाटणीपासून बागेत जीव ओतला आहे, त्याच्यासाठी ती वर्षाची कमाई असते. पोलीस व्यापाऱ्याच्या मागावर आहेत. गुप्तहेराकडे मात्र शेतकऱ्यांनी जपून ठेवलेल्या वजनाच्या कच्च्या चिठ्ठ्यांपलीकडे काहीही नाही. तो त्या जेवणाच्या टेबलावर मांडतो. तिन्ही गावांत व्यापाऱ्याचे नाव वेगळे आहे, अक्षर वेगळे आहे, गाडीचा क्रमांक वेगळा आहे. पण रिकाम्या क्रेटच्या वजनाची वजावट सगळीकडे सारखीच विचित्र आहे. इतर व्यापारी गोळाबेरीज आकडा धरतात, इथे प्रत्येक चिठ्ठीवर क्रेटमागे एक किलो आठशे पन्नास ग्रॅमच वजा केलेले आहे. तीन वेगळ्या माणसांनी एकच विचित्र आकडा धरला, तर तो त्यांना सांगणारा कोणीतरी एकच आहे, आणि तो असा आहे की ज्याने त्या क्रेट स्वतः तोलून घेतल्या आहेत.

पहिल्या खर्ड्यात हा शोध लागताच गुप्तहेर तो साथीदाराला पानभर समजावून सांगत होता. आम्ही ते पान काढले. त्याऐवजी दोन प्रकरणे आधी, शेतकऱ्याची आई ‘वजावट काय धरली रे?’ असे मुलाला विचारते आणि तो आकडा सांगतो. गुप्तहेर तेव्हा चहा पीत असतो आणि काहीही बोलत नाही. पुढे टेबलावरच्या चिठ्ठ्यांचे वर्णन येते तेव्हा तो आकडा वाचकाच्या नजरेसमोर पुन्हा येतो आणि चाणाक्ष वाचक गुप्तहेराच्या अर्धा क्षण आधी दचकतो. लेखक म्हणाले, “ताई, पण सगळ्यांच्या लक्षात येईल का?” मी त्यांना म्हणाले की, सगळ्यांच्या येणार नाही आणि यायलाही नको, पण ज्याच्या लक्षात येईल, तो माणूस तुमचा कायमचा वाचक झाला. लेखकाने पुरावा उघड्यावर ठेवायचा, वाचकाला संधी द्यायची आणि फसवायचे ते प्रामाणिकपणे, हा या प्रकारातला जुना करार आहे. नव्या लेखकांसोबत बसून हा करार ओळीओळीत पाळणे, यालाच मी संपादन समजते आणि त्यासाठी लागेल तितका वेळ देणे हे प्रकाशकाचे पहिले कर्तव्य मानते.

त्या वेळेची किंमत मात्र कोठून वसूल होणार, हा प्रश्न टाळता येत नाही. समजा, दोनशे पानांच्या कादंबरीची किंमत २५० रुपये ठेवली. वितरक आणि विक्रेता यांची मिळून ४५ टक्के सवलत धरली, तर प्रकाशकाच्या हाती १३७ रुपये ५० पैसे येतात. लेखकाचे १० टक्के मानधन, म्हणजे २५ रुपये, त्यातून बाजूला काढायचे. पाचशे प्रतींच्या छपाईत कागद, छपाई आणि बांधणी यांना प्रतीमागे सत्तर-ऐंशी रुपये सहज जातात. उरलेल्या तीस-चाळीस रुपयांत संपादन, डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदाम आणि वाहतूक बसवायची. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे खरे; पण कागदावर आणि छपाईवर तो भरावा लागतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे वळता करून घेता येत नाही. त्यातही वितरकाकडून पैसे महिन्यांनी येतात आणि न खपलेल्या प्रती परत येतात, त्या कोपरे दुमडून. एकट्या पुस्तकाच्या बाबतीत हे गणित कधीच जुळत नाही, कारण अनोळखी लेखकाचे अनोळखी पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचा सगळा खर्च त्या एका पुस्तकावर पडतो. मालिकेत तो खर्च एकदाच होतो. दुसरे पुस्तक आले की पहिल्याच्या पडून राहिलेल्या प्रती हलतात. तिसरे आले की नवा वाचक तीनही एकदम नेतो. एकाच मुखपृष्ठकाराने एकाच धाटणीत केलेले तीन कणे शेजारी दिसले, की दुकानातल्या माणसाला काहीही समजावून सांगावे लागत नाही.

हे कोरडे गणित वाटत असेल, तर नाशिकरोडच्या एका ग्रंथप्रदर्शनातली गोष्ट सांगते. प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या टेबलाशी थांबले. त्यांनी रहस्यकादंबरी उचलली, मलपृष्ठ न वाचता थेट पहिले पान उघडले आणि उभ्याउभ्या तीन-चार पाने वाचून काढली. मग पुस्तक मिटून विचारले, “मॅडम, याचं आणखी आहे का?” मी म्हटले, सध्या हे एकच आहे, दुसरे लिहून होत आहे. त्यांनी पुस्तक हळूच जागेवर ठेवले आणि म्हणाले, “दुसरं आलं की दोन्ही नेतो. एकात काय होतं? आवडलं की जीव टांगणीला लागतो.” त्यांना पुस्तक आवडले होते, पैसे खिशात होते आणि तरीही त्यांनी ते घेतले नाही. वाचनाची भूक मेली आहे असे जे सारखे सांगितले जाते, त्याच्यापुढे मी हे गृहस्थ उभे करीन. त्यांना भूक होती. आम्ही पुरेसे वाढू शकत नव्हतो.

नाशिकच्या लेखकाचा गुप्तहेर आधी नाशिकमध्ये विकला पाहिजे, हेही मला अशा टेबलांमागे उभे राहूनच उमगले. गुप्तहेराची कथा ही त्याच्या गावाचीही कथा असते. रविवार कारंजावरून मेन रोडला वळताना कोणती बोळ लागते, गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावरच्या टपऱ्या कशा हलवल्या जातात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली दुसरी पाळी सुटल्यावर कोणते हॉटेल उघडे असते, हे ज्याला ठाऊक आहे, तो वाचक लेखकाची परीक्षा घेतो आणि उत्तीर्ण झालेल्या लेखकाची शिफारस स्वतःहून करतो. मुंबई-पुण्याच्या वितरकाकडे शंभर प्रती पाठवून वाट पाहण्यापेक्षा, गावातल्या दुकानांत आणि वाचनालयांत स्वतः जाऊन ठेवलेल्या पन्नास प्रती अधिक काम करतात. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची आहे आणि वाचनालयांच्या देवघेव खिडकीवर काम करणाऱ्यांना कोणत्या पुस्तकासाठी सभासद नाव लावून ठेवतात, हे तोंडपाठ असते. लेखकाने त्यांच्याशी अवश्य बोलावे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर राज्यभर मान्यताप्राप्त वाचनालयांचे जे जाळे उभे राहिले, ते आज दहा हजारांहून अधिक वाचनालयांचे आहे. भाड्याच्या दुकानांची जागा घेऊ शकेल असे हेच एक ठिकाण उरले आहे, आणि तिथे मालिकेतले एक पुस्तक शिरले की सभासद उरलेली मागून घेतात. याच शहरात, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आधाराने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी बदलली जाते. अशा पेटीत एका नव्या गुप्तहेराची तीन पुस्तके एकत्र गेली, तर तो किती घरांतून हिंडून येईल, याचा विचार करावा.

ई-पुस्तक आणि श्राव्यपुस्तक यांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तिथला न्याय हाच आहे. किंडलवर मराठी पुस्तक लेखक स्वतः प्रकाशित करू शकतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असेल तर राजा राममोहन राय यांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. श्राव्यपुस्तकांचे स्टोरीटेल हे ॲप २०१७ मध्ये भारतात आले तेव्हापासून मराठी श्रोत्यांनी रहस्यकथा कानांनी ऐकण्याची सवय लावून घेतली आहे. पण पडद्यावर असो वा कानात, एक भाग संपताच दुसरा समोर नसेल, तर माणूस दुसऱ्या लेखकाकडे जातो आणि परत येत नाही. टपालाच्या बाबतीत १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ने ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत पाठवण्याची सोय केली आहे; ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक साहित्यासाठी आहे. रहस्यकथा ही आपल्या सांस्कृतिक जीवनाचा भाग आहे, असे मी मनापासून मानते आणि टपाल खात्यानेही तसेच मानावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रतिष्ठेचा मुद्दा मात्र मला असा एका वाक्यात सोडता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकरांकडे होते. विज्ञानकथा लिहिणाऱ्या साहित्यिकाला तो मान माझ्या शहरात मिळाला, याचा मला अतिशय आनंद झाला. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आली होती आणि त्यांनी ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. नावाच्या दडपणाने निर्णय होऊ नये, हा हेतू त्यामागे होता. एका संस्थेने एका साहित्यप्रकारासाठी सातत्याने स्पर्धा घेतली, त्यातून लेखक पुढे आले आणि काही दशकांत तो प्रकार संमेलनाच्या व्यासपीठावर पोहोचला. अमेरिकेत खासगी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांनी १९८१ मध्ये स्वतःची संघटना उभारली आणि ‘शेमस’ पुरस्कार सुरू केले; त्यांत पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र विभाग आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेसोबत त्यांनी पहिल्या कादंबरीची स्पर्धाही चालवली, जिचे बक्षीस म्हणजे प्रकाशनाचा करारच होता. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, सारा पॅरेट्स्की आणि स्यू ग्राफ्टन यांच्या स्त्री-गुप्तहेर पहिल्यांदा छापून आल्या आणि पुढची कित्येक वर्षे त्या वाचकांना भेटत राहिल्या. आमच्याकडे येणाऱ्या बाडांत स्त्रियांनी लिहिलेली बाडे वाढत आहेत. भिशी, सोसायटीची कमिटी, लग्नाच्या बैठका आणि हॉस्पिटलमधल्या रात्री, हे गुन्ह्याचे असे प्रदेश आहेत की जिथे जुने मराठी नायक कधी फिरकले नाहीत. या लेखिकांना पहिल्या पुस्तकाच्या विक्रीवरून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून रहस्यकथेसाठी स्पर्धा भरवायची, तर तिची अट वेगळी असावी, असे माझे म्हणणे आहे. एका कादंबरीऐवजी एकाच खासगी गुप्तहेराच्या तीन कथा मागवाव्यात; परीक्षकांनी त्यांत रहस्याची मांडणी तर पाहावीच, पण तिसऱ्या कथेत हा माणूस पहिल्यापेक्षा अधिक कळतो का, हे आवर्जून पाहावे. बक्षिसाची रक्कम थोडी कमी ठेवून तीन पुस्तकांचा करार द्यावा. नाशिक, संगमनेर, धुळे, जळगाव इथल्या दोन-तीन छोट्या प्रकाशकांनी एकत्र येऊन खर्च वाटून घेतला, तर हे अवघड नाही. याबद्दल माझे काहींशी बोलणे चालू आहे.

द्राक्ष व्यापाऱ्याच्या कथेचे आम्ही त्याच रीतीने ठरवले आहे. दिंडोरीच्या लेखकांशी तीन पुस्तकांचा करार झाला आहे आणि तिन्ही बाडे हाती आल्याशिवाय पहिले छापायचे नाही, ही अट त्यांनी आनंदाने मान्य केली. दिवाळी अंकासाठी याच गुप्तहेराची एक छोटी कथा तयार आहे. पहिले पुस्तक जानेवारीत, बागांतला खुडा सुरू होईल तेव्हा येईल. दुसरे त्यानंतर चार महिन्यांनी. त्याचे बाड मी वाचून परत केले आहे आणि त्यातली एक साक्षीदार अजून सैल आहे. तिसऱ्यात सिंहस्थाच्या तयारीच्या दिवसांत तपोवनाजवळच्या एका जमिनीच्या फेरफारावरून कोणाचे तरी नाव नाहीसे झालेले आहे, आणि आमचा बँकेतला गृहस्थ ते शोधायला तलाठी कार्यालयात जाऊन बसला आहे. त्याची सहा प्रकरणे माझ्याकडे आली आहेत. सातवे कधी पाठवता, असे मी कालच लेखकांना विचारले.